केस वाढतात, टोकं टिकत नाहीत

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच तक्रारीची आहेत: केस कोरडे आहेत आणि ते वाढवायचेही आहेत. म्हणून हे सदर मी पूर्णपणे त्यांनाच दिलं आहे. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिली, कारण त्याच्या उत्तरातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागू पडतं.

ताई, मी २५ वर्षांची आहे. तीन वर्षांपासून केस वाढवतेय, पण खांद्याखाली चार बोटं गेले की तिथेच अडकतात. टोकं विरळ, राठ, फाटे फुटलेली. आठवड्यातून दोनदा केस धुते. तेल रोज मुळांना चोळते. कंडिशनर लावत नाही, त्याने केस गळतात असं ऐकलंय. घाईत असले की ओल्या केसांवरच स्ट्रेटनर फिरवते. कात्री लावायची हिंमत होत नाही. गेल्या वर्षी केसांना तांबूस रंग लावला होता, तो आता कानाच्या खालीच उरलाय. माझे केस वाढायचे थांबलेत का? कोणतं तेल लावू?

थांबलेले नाहीत, आणि त्याचा पुरावा तुझ्याच पत्रात आहे. वर्षापूर्वी मुळापासून लावलेला रंग आज कानाखाली सरकलाय. म्हणजे मधल्या काळात डोक्यातून अर्ध्या वितेहून जास्त नवा केस बाहेर आला. डोक्यावरचा केस सरासरी महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो, वर्षाला १२ ते १५ सेंटिमीटर. तुझा हिशोब अगदी तसाच लागतोय. मुळं त्यांचं काम चोख करताहेत. तरी एकूण लांबी तीच राहते, याचा अर्थ वरून जेवढं येतं तेवढंच खालून तुटून जातं. तू तीन वर्षं सगळी मेहनत मुळांवर घेतेस आणि नुकसान होतंय ते दुसऱ्या टोकाला.

तुझ्या केसाचं टोक किती जुनं आहे याचा विचार कर. खांद्याखाली चार बोटं म्हणजे तो केस तीन वर्षांहून जास्त काळ डोक्याबाहेर आहे. आठवड्यातून दोनदा धुणं धरलं तर त्या टोकाने तीनशेहून अधिक वेळा शाम्पू सोसलाय. शिवाय टॉवेलचं घासणं, रोजचं विंचरणं, उशी, ऊन, रंग आणि ती गरम पट्टी. केस मुळातून बाहेर पडला की त्यात जिवंत पेशी नसते, त्यामुळे झालेली झीज आतून भरून येत नाही. वर्षानुवर्षं धुवून विरलेल्या कापडाला आपण पिळताना हात हलका ठेवतो, तसंच टोकांशी वागावं लागतं.

कोरडेपणा नेमका कुठून येतो हे कळलं की उपाय पाठ करावे लागत नाहीत, म्हणून थोडं सांगते. केसावर बाहेरून पातळ पापुद्र्यांचं आवरण असतं, मुळाजवळ पाच ते दहा थरांचं. सगळ्यात वरच्या थराला स्निग्ध पदार्थाचा एक अतिशय तलम लेप जन्मतःच चिकटलेला असतो. त्यामुळे निरोगी केसावरून पाणी ओघळून जातं आणि केस एकमेकांवरून अलगद सरकतात. ब्लीच आणि कायमस्वरूपी रंग हा लेप काढून टाकतात, आणि तो पुन्हा तयार होत नाही. मग पापुद्रे उचकटतात, एकमेकांत अडकतात, हळूहळू झडतात. बऱ्याच जुन्या टोकांवर एकही थर शिल्लक नसतो, आतला तंतुमय भाग उघडा पडतो आणि तो उभा फाटतो. त्यालाच आपण फाटे फुटणं म्हणतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारं नैसर्गिक तेल तुझ्या टोकांपर्यंत पोचतच नाही. एवढं अंतर ते कापू शकत नाही. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं कोरडी, हे लांब केसांचं नेहमीचं चित्र आहे.

आता तेलाचं. मुळांना चोळल्याने केस लवकर वाढतात असं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही. त्या तेलाची खरी गरज कानाखालच्या केसांना आहे, आणि तीही धुण्याआधी. खोबरेल तेल यासाठी खरंच चांगलं. त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्याने केसाच्या आत शिरू शकतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केस धुताना त्यातून जी प्रथिनं निघून जातात ती खोबरेलामुळे कमी झाली, बाकीच्या दोघांना ते जमलं नाही. तेल आत असलं की धुताना केस पाणी कमी शोषतो, कमी फुगतो आणि कमी झिजतो. तेव्हा केस धुण्याच्या आदल्या रात्री, किंवा निदान दोन तास आधी, कानापासून टोकांपर्यंत तेल लाव. तळहातावर पसरून केस त्यातून ओढून घ्यायचे, एवढंच. थापायचं नाही. जास्त तेल लावलंस तर ते काढायला जास्त शाम्पू लागेल आणि सगळ्या कष्टांवर पाणी पडेल.

आठवड्यातून दोनदा धुणं ठीक आहे. शाम्पू मात्र फक्त टाळूवर, बोटांच्या पेरांनी. खाली लांबीवर तो मुद्दाम लावायची गरज नसते. धुताना फेस वरून ओघळतो, तेवढ्याने टोकं स्वच्छ होतात. केस डोक्यावर गोळा करून चुरगाळत धुण्याची सवय असेल तर ती आजच सोड. केस जसे लोंबतात तसेच खाली लोंबू दे.

कंडिशनरबद्दल तू जे ऐकलंस ते माझ्या कानांनी इतक्या मुलींकडून ऐकलंय की त्याने मला खरंच वाईट वाटतं, कारण कोरड्या केसांना सगळ्यात जास्त आधार देणारी हीच एक वस्तू आहे. रोज ५० ते १०० केस गळणं हे सर्वसाधारण आहे. ते आधीच मुळातून सुटलेले असतात आणि बाकीच्या केसांत अडकून बसतात. कंडिशनर लावलं की केस निसरडे होतात आणि अडकलेले केस हातात येतात. तीन-चार दिवसांनी धुतेस म्हणून एकदम जास्त दिसतात, एवढंच. कंडिशनरचं काम मोठं हुशार आहे. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार जास्त असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन. त्यामुळे जिथे झीज जास्त, तिथेच तो जास्त चिकटतो. बाटलीवर सिटाइल अल्कोहोल, स्टिअरिल अल्कोहोल अशी नावं वाचून दचकू नकोस. ती मेणासारखी स्निग्ध द्रव्यं आहेत, केस सुकवणारं अल्कोहोल वेगळं. सिलिकॉनचीही भीती नको. डायमेथिकोन हे सिलिकॉन केसावर बसून घर्षण कमी करतं, आणि तुझ्या टोकांना आज नेमकं तेच हवंय.

लावायची पद्धत: शाम्पू धुऊन झाला की केसांतलं पाणी हाताने निथळून टाक, मग कानाखाली कंडिशनर लाव, टाळूला नको. दोन-तीन मिनिटं राहू दे आणि त्या वेळात बोटांनी गुंता सोडव. बोटांना गाठ कळते, कंगव्याला कळत नाही. माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकीचे केस मी आधी बोटांनीच चाचपते. टोकाकडे बोट खरखरलं की त्या केसाने काय सोसलंय ते तिने न सांगताही समजतं.

ओला केस दिसतो मऊ, पण त्या वेळी तो सगळ्यात हळवा असतो. पाण्याने केसाला आतून धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात, केस ताणला जातो आणि मर्यादेपलीकडे गेला की तुटतो. म्हणून टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, टॉवेल बांधून त्याचा पिळा डोक्यावर चढवायचा नाही. जुना सुती टी-शर्ट घेऊन केस त्यात धरायचे आणि नुसते दाबायचे. मग मोठ्या दातांचा कंगवा, सुरुवात टोकापासून, चार बोटं सोडवली की थोडं वर. मुळापासून खाली कंगवा ओढला की सगळ्या छोट्या गाठी एका मोठ्या गाठीत जमा होतात आणि ती तोडूनच सुटते.

ड्रायर पूर्ण बंद कर असं मी म्हणणार नाही. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी केस नुसते हवेवर आणि वेगवेगळ्या तापमानाला ड्रायरने वाळवून पाहिले. ड्रायर १५ सेंटिमीटर लांब धरून सतत हलवत ठेवला, तर एकूण नुकसान कमी होतं असं त्यांना दिसलं. कारण हवेवर वाळताना केस फार वेळ ओला आणि फुगलेला राहतो. तेव्हा केस अर्धेअधिक हवेवर वाळू दे आणि उरलेलं काम कोमट झोताने कर.

स्ट्रेटनरचं मात्र कडक शब्दांत सांगते. ओल्या केसावर गरम पट्टी ठेवली की आतल्या पाण्याची जागच्या जागी वाफ होते आणि ती केसाच्या आत बुडबुडे पाडते. तो केस त्या जागी पोकळ होतो आणि तिथेच मोडतो. तो 'चर्र' आवाज येतो ना, तो केस आतून फुटल्याचा आहे. वर्षभर स्ट्रेटनर कपाटात ठेव. एखाद्या कार्यक्रमाला अगदीच हवा असेल तर केस पूर्ण कोरडे, तापमान कमी, आणि एका बटेवरून एकदाच.

रात्री सैल वेणी घाल. मोकळे केस सोडून झोपलं की कूस बदलताना उशी आणि खांदा यांच्यात ते रगडले जातात. उशीला सॅटिनचा अभ्रा घातलास तर घर्षण आणखी कमी होईल.

राहिली कात्री. तुझी भीती मी समजू शकते, इंच इंच मिळवलेली लांबी आहे. पण फाटा फुटलेला केस कुठल्याही क्रीमने पुन्हा जुळत नाही. सीरमने तो दोन दिवस चिकटून दिसतो, पुढच्या धुण्याला परत उघडतो आणि फाट वर सरकत जाते. आज न कापलेला अर्धा सेंटिमीटर पुढे दोन सेंटिमीटर घेऊन जातो. एकदा मन घट्ट करून तीन-चार सेंटिमीटर काढून टाक, म्हणजे जिथून केस विरळ होऊन आरपार दिसायला लागतात तो भाग. त्यानंतर दर चार महिन्यांनी एक सेंटिमीटर. चार महिन्यांत येतात चार, जातो एक, हातात राहतात तीन. कापल्याने केस वेगाने वाढतात हे खरं नाही. मूळ टाळूच्या आत असतं, त्याला टोकाला काय झालं हे कळतही नाही. पण वाढलेलं टिकतं. कात्री केस कापण्याचीच असू दे, धार लावलेली. कागद कापायच्या बोथट कात्रीने केस चेंगरतो आणि कापलेल्या जागीच नवा फाटा फुटतो.

सहा महिन्यांनी मला पुन्हा लिही, आणि मोजपट्टीने मोजून लिही.

ताई, मी नऊ-दहा वर्षांच्या मुलीची आई. तिचे केस खूप कुरळे आणि कोरडे आहेत. तिला लांब केस हवेत, पण रोज सकाळी शाळेच्या आधी विंचरताना ती रडते आणि मी चिडते. कापून टाकू का?

कापू नका. आणि तिच्या रडण्याला हट्ट समजू नका, तिला खरोखर दुखतं.

कुरळा केस कोरडा असतो, कारण टाळूचं तेल वळणावळणांवरून खाली उतरूच शकत नाही. शिवाय प्रत्येक वळणावर तो थोडा पिळलेला असतो आणि तिथेच तुटतो. असा केस सुका विंचरणं म्हणजे त्या प्रत्येक वळणाला ओढणं. उपाय साधा आहे: तिचे केस रोज सकाळी विंचरूच नका. आठवड्यातून एकदा-दोनदा, न्हाऊ घालताना, केस कंडिशनरने माखलेले असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवा. केसांचे चार भाग करा, तीन चिमट्यांनी वर बांधा आणि एकच भाग हातात घ्या. गाठ आली की गाठीच्या वरचा केस मुठीत घट्ट धरा आणि खालून सोडवा. असं धरलं की ओढ तुमच्या मुठीपर्यंतच येते, तिच्या टाळूपर्यंत पोचत नाही. हे एक जमलं तरी निम्मं रडणं थांबेल.

सोडवून झाल्यावर कंडिशनर धुवा, ओल्या केसांतच न धुण्याचं कंडिशनर थोडंसं लावा आणि दोन-तीन सैल वेण्या घाला. शाळेच्या दिवशी सकाळी वेण्या सोडायच्या नाहीत. बाहेर आलेल्या बटांवर ओला हात फिरवला की पुरतं. वेण्या घट्ट ओढू नका. कपाळाजवळची कातडी ताणलेली दिसली, तिथे बारीक पुळ्या आल्या किंवा तिने डोकं दुखतंय म्हटलं, तर वेणी लगेच सोडा. वर्षानुवर्षांच्या ओढीने कपाळाजवळची मुळं कायमची मरू शकतात, आणि ती गेलेली परत येत नाहीत.

तिच्या हातातही कंगवा द्या. शेवटची चार बोटं तिने सोडवायची आणि वरचं तुम्ही. कुठे दुखतं ते तिला सगळ्यात आधी कळतं.

नमस्कार. मी पुरुष आहे, वय ३१. दीड वर्षापासून केस वाढवतोय, हनुवटीच्या खाली आलेत. अंगाचा साबणच केसांना लावतो. आठवड्यातून चार दिवस पोहतो. केस तारांसारखे झालेत. वर घट्ट बुचडा बांधतो. तेल लावायचा कंटाळा आहे. काय करू?

तुम्हाला तेल लावायला लावणार नाही. तीन गोष्टी बदला.

अंगाचा साबण केसांना बंद. पारंपरिक साबणाचा सामू (पीएच) ९ ते १० च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी असतो, केसाला आम्लधर्मी बाजू मानवते. अल्कधर्मी पाण्यात पापुद्रे उचकटतात. पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा थर तयार करतं. बादलीच्या कडेला दिसतो तोच थर तुमच्या केसांवरही बसतोय. कुठलाही सौम्य शाम्पू आणि मागाहून कंडिशनर, एवढंच पुरेसं आहे.

पोहायला उतरण्याआधी केस साध्या पाण्याने पूर्ण भिजवा. आधीच भिजलेला केस तलावातलं क्लोरीनचं पाणी कमी शोषतो. वर थोडं कंडिशनर लावा, टोपी घाला, आणि बाहेर आल्यावर लगेच केस धुवा. टोपी घालून पोहणाऱ्यांचे केस आणि न घालणाऱ्यांचे केस मी डोळे मिटून हाताने ओळखू शकते, इतका फरक पडतो. आठवड्यातून एकदा साठलेला थर काढणारा, खोलवर स्वच्छ करणारा शाम्पू वापरा. रोज नको.

बुचडा सैल बांधा आणि रोज एकाच जागी बांधू नका. साधं रबर अजिबात नको, कापड गुंडाळलेलं बँड घ्या. ओले केस बांधू नका. वर मुलीच्या आईला ओढीबद्दल लिहिलंय ते तुम्हीही वाचा. पुरुषांच्या कपाळाजवळचे केस अनुवंशाने आधीच मागे सरकत असतील, तर त्यावर ही ओढ परवडणारी नाही.

ताई, माझं वय ५४. केस रंगवणं सोडलं आहे. आता पांढरे केसच लांब वाढवावेत असं मनापासून वाटतं. पण ते राठ आहेत, उडत राहतात. वर्षभरात कोरडेपणाही फार वाढलाय. अंगाची त्वचाही कोरडी पडते, थकवा येतो, थंडी सोसत नाही.

तुमचा निर्णय मला फार आवडला. पांढरे लांब केस, नीट राखलेले, यांच्यासारखं देखणं मी फार थोडं पाहिलंय.

पण केसांच्या आधी एक काम करा: डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइडची तपासणी. केस आणि त्वचा दोन्ही कोरडे होणं, थकवा, थंडी न सोसणं हे सगळं एकत्र आलं की थायरॉइड मंदावलेलं नाही ना हे बघायलाच हवं. टीएसएचची साधी रक्ततपासणी असते. आरशात भुवयाही बघा. बाहेरच्या टोकाकडून त्या विरळ होत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. थायरॉइडने आलेला कोरडेपणा तेलाने जात नाही, औषधाने जातो.

तपासणी ठीक आली तर मग केसांकडे वळू. पाळी गेल्यानंतर टाळूचं तेल कमी होत जातं, म्हणून पूर्वी चालायचा तो शाम्पू आता कोरडा वाटतो. आठवड्यातून एकदा धुतलं तरी पुरेल. कंडिशनर प्रत्येक वेळी. उडणाऱ्या केसांसाठी, केस अर्धवट ओले असतानाच सीरमचे दोन-तीन थेंब तळहातावर चोळून फक्त खालच्या भागावर फिरवा. लाकडी किंवा शिंगाचा कंगवा वापरलात तर केस कमी उडतील, कारण प्लॅस्टिकने घर्षणाचा विद्युतभार जास्त तयार होतो. उन्हात डोक्यावर ओढणी किंवा टोपी असू द्या. पांढऱ्या केसात रंगद्रव्य नसतं, त्यामुळे उन्हापासूनचं त्याचं संरक्षणही कमी, आणि तो पिवळटही पडतो.

खाली उरलेला रंगवलेला भाग सगळ्यात कोरडा असणार. तो एकदम कापायचा नसेल तर दर दोन महिन्यांनी दोन सेंटिमीटर काढत जा. तेवढ्याच वेळात वरून पांढरे केस तेवढेच आलेले असतील, म्हणजे लांबी आहे तिथे राहील आणि रंग खाली सरकत संपेल.

बायोटिनच्या गोळ्या घेतल्या तर केस लवकर लांब आणि मऊ होतील का?

बायोटिन हे ब गटातलं एक जीवनसत्त्व. शरीरात ते कमी असेल तरच. आणि ती कमतरता क्वचित आढळते. एक गोष्ट मात्र गोळ्यांच्या डबीवर ठळकपणे दिसत नाही: जास्त मात्रेतलं बायोटिन काही रक्ततपासण्यांचे निकाल चुकीचे दाखवू शकतं, त्यात थायरॉइडची आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणीही येते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. गोळ्या चालू असतील तर कुठल्याही रक्ततपासणीआधी डॉक्टरांना सांगा. केस खरोखर गळत असतील तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असणं हे बायोटिन कमी असण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतं.

पार्लरमध्ये केस सरळ आणि मऊ करण्याची ट्रीटमेंट सुचवली आहे. कोरडेपणा जाईल म्हणतात. करू का?

उत्पादनात फॉर्मल्डिहाइड किंवा ते सोडणारं रसायन असेल तर नाही. गरम पट्टी फिरवताना ते वाफेतून श्वासात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइड २००४ सालीच माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तुमच्यापेक्षाही जास्त धोका ते दिवसभर हाताळणाऱ्या मुलीला असतो, तिचाही विचार मनात असू द्या. बाटली दाखवायला सांगा. घटकांची यादी दाखवली नाही तर उठून या. काही महिने मिळणारा मऊपणा बहुतेक वरच्या लेपाचा असतो. तो उतरला की खाली उष्णतेने आणखी दमलेला केस राहतो.

ताई, माझ्या आईचे केस गुडघ्यापर्यंत होते. मी सगळी काळजी घेते, फाटे फुटू देत नाही, तरी माझे कंबरेशी येऊन थांबतात. चार वर्षं झाली. माझं काय चुकतंय?

कदाचित काहीच नाही. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ ठरलेला असतो, साधारण दोन ते सात वर्षं, आणि तो बहुतांशी अनुवंशाने ठरतो. काळ संपला की वाढ थांबते, दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसतं, मग सुमारे तीन महिने केस तसाच बसून राहतो आणि गळतो. पाच वर्षांचा काळ असलेल्या बाईचा केस ६० ते ७५ सेंटिमीटरवर पोचून गळणार, कितीही जपला तरी. आईचा काळ आईचा होता. तुमच्यात वडिलांकडूनही अर्धं आलेलं आहे.

हे घरच्या घरी तपासता येतं. कंगव्यात आलेले पूर्ण लांबीचे दहा-बारा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळातून, आपणहून गळलेला केस आहे. गाठ नसेल तर तो मध्येच तुटलाय. आता दुसरं टोक उजेडात धरून बघा. तुम्ही ट्रिम करत असाल तर बहुतेक टोकं सरळ कापलेलीच दिसतील, त्यावरून काही ठरवू नका. मधूनमधून एखादं टोक फाटलेलं किंवा पांढऱ्या ठिपक्याशी मोडलेलं दिसलं, तर तुटणं अजून चालू आहे आणि वरच्या पहिल्या उत्तरातलं सगळं तुमच्यासाठीही आहे. बहुतेक केसांना गाठ आहे, लांबी कंबरेएवढीच आहे आणि टोकं धड आहेत, असं दिसलं, तर तो केस त्याचं पूर्ण आयुष्य जगून गेलाय. मग कंबर हीच तुमची लांबी. ट्रिम दर सहा महिन्यांनी, अगदी अर्धा सेंटिमीटर करा, म्हणजे वेणीचा शेंडा भरगच्च राहील.